स्टार्टरच्या पेटीतली ट्यूब

माझ्या संत्र्याच्या बागेत विहिरीला लागून मोटरच्या स्टार्टरची लोखंडी पेटी आहे. वर्षभर त्या पेटीत मी मलमाची ट्यूब लपवून ठेवत होतो. घरी ठेवली तर बायको विचारेल, सुनेच्या हाती लागेल, ही लाज. बोटाएवढी ट्यूब, वर सगळी चिनी अक्षरं आणि एका फुलाचं चित्र. सौसरच्या एका ओळखीच्या माणसाने मोबाइलवरून मागवून दिली होती. “चीनची जुनी दवाई आहे, हजार वर्सांची. लावून पाहा, दुसऱ्याच दिवशी आराम,” असं तो म्हणाला होता. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खरंच आराम पडला, आणि तिथेच माझं चुकलं.

दुखणं सुरू झालं 2021 च्या दिवाळीनंतर. आंबिया बहाराची तोड चालू होती. दिवसभर क्रेट उचलणं, गाडी भरेपर्यंत उभं राहणं, मग मोटरसायकलवर पांढुर्णा आणि परत. पाणी प्यायला वेळ नाही. जेवण म्हणजे बांधावर बसून ठेचा-भाकर. सकाळी परसाकडे जोर लावावा लागायचा. एक दिवस शेवटी चार थेंब लालभडक रक्त पडलं. दुखलं काहीच नाही. उन्हाची उष्णता झाली असेल म्हणून चार दिवस ताक प्यायलो. पुढे कोंब हाताला लागायला लागला, आधी आपोआप आत जायचा, नंतर बोटाने सारावा लागायचा. खाज, ओलसरपणा, बसलं की ठणका.

आमच्याकडे मध्यप्रदेशात रस्त्याकडेच्या भिंतींवर हिंदीत ‘बवासीर, भगंदर, बिना ऑपरेशन’ असं रंगवलेलं असतं. ते वाचून नजर दुसरीकडे वळवायची सवय लहानपणापासूनच लागते. घरात आम्ही मराठी बोलतो, पण मूळव्याध हा शब्द चारचौघांत कोणी काढत नाही. भिंतीवरच्या त्या माणसाकडे मी गेलो नाही, एवढं बरं केलं. आमच्या नात्यातल्या एकाने तिथे कोंबावर इंजेक्शन घेतलं होतं. त्या सिरिंजमध्ये काय होतं ते त्याला कोणी सांगितलं नाही. जागा सडली, आणि पुढे संडासची वाटच आवळून गेली. त्याचं पाहून मी घाबरलो होतो. मलम तर नुसतं वरून लावायचं, त्याने काय बिघडणार, असं वाटलं.

ट्यूब उघडली की कापरासारखा वास यायचा. लावल्यावर गारवा, पंधरा मिनिटांत ठणका कमी. महिन्याला एक संपायची, मी दुसरी मागवायचो. रक्त मात्र थांबलं नव्हतं. दुखत नाही म्हणून मी त्याकडे पाहणंच सोडलं. कधी थेंब, कधी धार, पाणी ओतलं की वाहून जायचं.

दुसऱ्या वर्षी विहिरीच्या पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. बागेला दोन वाफे पाणी दिलं की खाटेवर पडावंसं वाटायचं. आणखी एक गोष्ट तेव्हा मला कळली नाही, ती इथे मुद्दाम सांगतो: मला माती खावीशी वाटायची. वाफ्यात पाणी सोडलं की कोरड्या ढेकळांचा जो वास येतो, त्याने तोंडाला पाणी सुटायचं. दोनदा मी ढेकूळ तोंडात टाकलंही. अंगातलं लोह संपलं की माणसाला माती, खडू, बर्फ असलं काहीतरी खावंसं वाटतं, हे मला पुढे नागपूरला कळलं.

गावाजवळच्या दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. आमच्या भागात रक्त कमी म्हटलं की आधी सिकलसेल आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पुढे 2023 च्या जुलैत सिकलसेलची देशभरची मोहीम आपल्या मध्यप्रदेशातल्या शहडोलहूनच सुरू झाली. माझी ती तपासणी कोरी निघाली. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. “कुठून रक्त जातं का?” असं त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हणालो. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त टोचतो तो हा नकार. विचारणाऱ्याने विचारलं होतं.

त्याच वर्षी मे महिन्यात मोटर बंद पडली म्हणून बायकोने स्टार्टरची पेटी उघडली. आत अकरा रिकाम्या ट्यूबा. त्या पदरात घालून ती माझ्या खाटेजवळ आली आणि एकेक करून खाटेवर ठेवल्या.

“अजी, हे काय व्हय?”

मी सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मले सांगतलं काहून नाही? मी का परकी हावो?” आणि त्यानंतर जे बोलली ते मला माहीतच नव्हतं. धाकट्याच्या बाळंतपणापासून तिलाही हाच त्रास होता. बावीस वर्षं. एका घरात दोघं, एकच दुखणं, आणि दोघंही गप्प.

दुसऱ्या दिवशी मुलगा आम्हाला नागपूरला घेऊन गेला. पांढुर्ण्याहून शंभरेक किलोमीटर. मी गाडीत एका कुशीवर बसून होतो. हिमोग्लोबिन 6.1 निघालं. पुरुषाचं 13 च्या वर असावं लागतं. दोन बाटल्या रक्त चढवलं. तपासणाऱ्या मॅडमनी कोंब पाहिले, तिसऱ्या पायरीचे होते. आम्हाला वाटलं, संपलं. त्या म्हणाल्या, “वय बावन्न, रक्त एवढं गेलंय. आतून दुर्बिणीने बघितल्याशिवाय मी सगळं मूळव्याधीवर टाकणार नाही.” त्या तपासणीत मोठ्या आतड्यात बोराएवढी एक गाठ सापडली. तिथल्या तिथे काढली. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस मी इथे लिहीत नाही. कॅन्सर नव्हता, पण पाच-दहा वर्षांत व्हावा अशा जातीची गाठ होती ती. ट्यूब लावत बसलो असतो तर तिच्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नसतं.

कोंबांचं काम त्यामानाने सोपं होतं. मुळाशी बारीक रबरी कडी चढवली, रक्त तुटलं की कोंब आठवड्याभरात आपोआप गळून पडतो. दोन खेपा झाल्या. भरती व्हावं लागलं नाही. बायकोला कडीही लागली नाही, पथ्यपाणी आणि औषधावर भागलं.

ट्यूबेत होतं काय, हे मी मॅडमना विचारलं. घटक इंग्रजीत नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, तर सांगणार कोण? पण त्या निमित्ताने चिनी वैद्यकाबद्दल मी बरंच विचारलं आणि वाचलं, आणि मला ते परकं वाटलं नाही. मलमात चिनी वैद्य बोर्निऑल घालतात, तो म्हणजे आपला भीमसेनी कापूर. गारवा त्याचाच असावा. रक्तासाठी सोफोरा नावाच्या झाडाच्या कळ्या आणि बर्नेट या रोपाचं मूळ देतात. काढ्याची आधी वाफ घ्यायची, मग त्याच कोमट काढ्यात बसायचं, ही त्यांची जुनी रीत. आपल्याकडे त्रिफळ्याच्या काढ्यात बसवतात, तेच हे. सुया टोचणारे वैद्य या दुखण्यासाठी पोटरीच्या मधोमध एक जागा धरतात. त्याने कोंब जातो असा भक्कम पुरावा नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडची फार शिकण्यासारखी आहे. कोंब वाळवून पाडायला जुने चिनी वैद्य तुरटीबरोबर सोमल वापरत, म्हणजे आर्सेनिक. कोंब वाळायचा, पण विष अंगात भिनायचं. पुढे त्यांच्याच वैद्यांनी सोमल टाकून दिला, तुरटी आणि माजूफळासारख्या गाठींतला तुरट अंश घेऊन इंजेक्शन तयार केलं, तपासलं, आणि तसलंच औषध आज जपानच्या रुग्णालयांतही देतात. आपल्याकडेही सुश्रुताने या रोगाला औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले. क्षारसूत्र म्हणजे थोराचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची एकवीस पुटं चढवलेला दोरा. बनारसच्या विद्यापीठात डॉ. देशपांडे यांनी तो पुन्हा नीट उभा केला आणि भगंदरावर त्याची रीतसर चाचणीही झाली. म्हणजे जुनं ते वाईट असं नाही. जे जुनं तपासून, मोजून, शिकलेल्या हाताने दिलं जातं ते औषध. आणि ज्याच्या पोटात काय आहे ते कोणीच सांगू शकत नाही, ते पुडकं मी माझ्या झाडालाही घालत नाही. फवारणीच्या बाटलीवरचा कागद मी चष्मा लावून वाचतो आणि स्वतःच्या अंगाला लावायचं मलम मी न वाचता लावलं.

ही भीती पोकळ नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात एक बाई मूळव्याधीच्या मलमाने शिशाची विषबाधा होऊन दगावली. ते मलम व्हिएतनामहून नात्यातल्याच माणसाने पाठवलं होतं, आणि त्यात 4 टक्के शिसं निघालं. काही मलमांत न सांगता स्टेरॉइड घातलेलं असतं. त्याने खाज लगेच थांबते, पण महिनोन्‌महिने लावलं की कातडी कागदासारखी पातळ होते. माझी तशीच झाली होती, भरायला तीन महिने लागले.

आता कोणी विचारलं तर मी हे सांगतो. टबात सोसवेल इतकं कोमट पाणी घ्या, दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं बसा. त्यात काही टाकायची गरज नाही. चिन्यांच्या काढ्याचा आणि आपल्या त्रिफळ्याचा बराचसा गुण त्या कोमट पाण्यातच असावा. रात्री इसबगोल घ्या, पण वर भरपूर पाणी प्या, नाहीतर उलट घट्ट होतं. संत्रं आपल्या घरचं आहे, त्याचा रस काढून चोथा फेकू नका, फोड पापुद्र्यासकट खा. अंबाडीची, मेथीची भाजी, ज्वारीची भाकर रोज असू द्या. ताकाने, सुरणाने पोट साफ राहत असेल तर खुशाल खा. शौचाची कळ आली की काम टाकून उठा, तोडीवर असलात तरी. संडासात मोबाइल घेऊन बसू नका.

आठवडाभरात फरक पडला नाही तर दाखवा. आणि रक्त दिसलं तर आठवडाही थांबू नका. नुसती मूळव्याध बहुधा दुखत नाही, म्हणून न दुखता पडणारं रक्त हलकं समजू नका. फार दुखत असेल तर चीर असू शकते, कोंबात रक्त साकळलेलं असू शकतं, त्यांचा इलाज वेगळा. काळं डांबरासारखं शौच, वजन उतरणं, पोटाची सवय अचानक बदलणं, धाप, माती खावीशी वाटणं, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं, यातलं एकही असेल तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका. बायांना तर घरातल्या पुरुषाने आपणहून विचारलं पाहिजे, विशेषतः बाळंतपणानंतर. त्या स्वतः सांगत नाहीत. माझ्या घरात बावीस वर्षं सांगितलं गेलं नाही.

2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं, जिल्ह्याच्या कामासाठी छिंदवाड्याच्या खेपा कमी झाल्या. नागपूरची खेप मात्र चालूच आहे. तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण घालायची असं मॅडमनी बजावलंय.

परवा शेजारच्या शेतातला पोरगा विहिरीवर आला. पाणी प्यायला म्हणाला, पण पाणी पिऊन झालं तरी उभाच. मग खाली पाहत म्हणाला, “काका, तुमी ते चीनचं मलम लावत होते म्हनते. ते भेटन का?” मी मोटर बंद केली आणि त्याला खाटेवर बसायला सांगितलं. तो बसला नाही, म्हणाला उभाच बरा आहे. मी विचारलं, “रक्त पडते का?” त्याने मान हलवली. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाला, पोळ्यापासून. मी मुलाला फोन लावून उद्या सकाळी गाडी आणायला सांगितलं.