आधी झोप, मग झाडीपट्टी

वडश्याकडच्या नाटकाच्या जाहिरातीवर ‘रात्री ९.३० वाजता’ असं छापलेलं असतं. ती वेळ खुर्च्या मांडायची समजा. पडदा दहाच्या पुढे कधीतरी उघडतो आणि शेवटचा प्रवेश संपून माणसं उठतात तेव्हा तांबडं फुटायला आलेलं असतं. चंद्रपूर-गडचिरोलीत निधीसाठी सायकलफेरी काढणाऱ्यांनी ही गोष्ट आपल्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

आमची फेरी पायी शाळा गाठणाऱ्या खेड्यातल्या मुलींना सायकली घेऊन देण्यासाठी होती. सायकल चालवून सायकली मिळवायच्या, ही कल्पना देणगीदारांनाही आवडली. आखणी कागदावर देखणी दिसत होती. शनिवारी पहाटे चंद्रपूरहून निघायचं, मूल, सावली करत व्याहाडच्या पुढे वैनगंगा ओलांडायची आणि गडचिरोलीत जेवायचं. हे झाले सुमारे ऐंशी किलोमीटर. संध्याकाळी गाड्यांनी वडश्याजवळच्या एका गावी जायचं, कारण तिथे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होत्या, आणि पट म्हटला की रात्री नाटक आलंच. रविवारी सकाळी वडश्याहून ब्रह्मपुरीमार्गे नागभीडपर्यंत पुन्हा सायकल, तिथून गाडीनं चंद्रपूर. सायंकाळी देणगीदारांसाठी ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे – द रिअल हीरो’ हा २०१४ सालचा नाना पाटेकरांचा चित्रपट, वर आभाराची भाषणं. तक्त्यात फुलांच्या गुच्छालासुद्धा पाच मिनिटं राखून ठेवली होती. झोपेचा रकाना नव्हता.

शनिवारच्या सायकलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मूलचा रस्ता जंगलातून जातो, डिसेंबरची थंडी बोटांत शिरते, आणि उजाडल्यावर ट्रकची वर्दळ सुरू होते. गडचिरोलीत पोचलो तेव्हा सगळे खुशीत होते. हीच खुशी फसवी असते. ऐंशी किलोमीटरनंतर पोटभर भात खाल्लेला माणूस स्वतःला ताजातवाना समजतो. तेव्हा त्याला दोन तास आडवं केलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण गावकरी वाट पाहत होते आणि फोटो काढायचे होते.

झाडीपट्टीचं नाटक ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी पुण्या-मुंबईचं अडीच तासांचं नाटक डोक्यातून काढून टाकावं. धानाची कापणी-मळणी उरकली की हा हंगाम लागतो आणि होळीपर्यंत चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं ठाणं. मंडळांची कार्यालयं तिथे, नटांच्या तारखा तिथेच ठरतात. कुरखेडा तालुक्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. इथे वादक समोर बसलेले असतात. ऑर्गन, तबला, हल्ली ऑक्टोपॅडसुद्धा. नट स्वतः गातो, आणि ‘वन्स मोअर’ आला की पुन्हा गातो. त्यामुळे नाटक किती वाजता संपणार हे लेखकापेक्षा प्रेक्षकच ठरवतात.

आणि हे प्रेक्षक आपल्यापेक्षा हुशार असतात. पटासाठी लेकी-जावई, पाहुणेरावळे गावात आलेले असतात. दुपारी सगळं घर झोप काढतं. रात्री मंडपात येताना चादरी, घोंगड्या आणि खाली अंथरायला बोरे सोबत असतात. लहान पोरं पहिल्या अंकातच गाढ झोपतात. मोठी माणसंही मधे बिनधास्त आडवी होतात. विनोदी नट मंचावर आला की शेजारचा कोपरखळी मारून उठवतो. रात्रभराचं नाटक पाहण्याची ही रीत आहे आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आम्ही मात्र पाहुणे म्हणून पुढच्या खुर्च्यांवर ताठ बसलो. पुढच्या रांगेत डुलकी घेणं म्हणजे नटांचा अपमान, असं आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी ठरवून टाकलं होतं. दिवसभर घामानं भिजून वाळलेले कपडे, अंगावर एक पातळ जाकीट, पायांत गोळे. पण नाटक असं रंगलं की मध्यरात्री उठून जायचं कुणाच्या मनातही आलं नाही. झाडीपट्टीकडे तुमच्या थकव्याला दाबून टाकायची ताकद आहे, आणि धोका तिथेच आहे. थकवा जात नाही, फक्त जाणवायचा थांबतो.

नाटक संपलं तेव्हा बाहेर दाट धुकं होतं. आम्ही सायकली काढायला लागलो तसे ज्यांच्या अंगणात सामान ठेवलं होतं ते मामा म्हणाले, “कायले घाई करता? उजेड पडू द्या.” गावची माणसं मंडपातच बसून होती. शेजारच्या गावांहून आलेली मंडळीही चहा घेत थांबली होती. तक्त्यात सहाची वेळ होती म्हणून आमच्यातले काही निघालेच. वैनगंगेच्या पुलाअलीकडे आमच्यातला एक तरणाबांड सायकलस्वार सरळ रस्ता सोडून धानाच्या बांधीत गेला. खड्डा नव्हता, गाडी आडवी आली नव्हती. पायडल मारता मारता त्याचा डोळा लागला होता. मऊ मातीवर पडला म्हणून खरचटण्यावर निभावलं. पुलावर हे घडलं असतं तर काय, हा विचार तेव्हा कुणी मोठ्यानं बोललं नाही.

इथे थोडा हिशेब मांडतो. १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं भान रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकं घसरतं, आणि चोवीस तासांनी ते सुमारे ०.१० टक्क्यांपर्यंत जातं. आपल्या मोटार वाहन कायद्यानं चालकासाठी मर्यादा घातली आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. शनिवारी पहाटे चारला उठलेला माणूस रविवारी पहाटे सहाला सायकलवर बसतो तेव्हा तो कुठे असतो ते तुम्हीच पाहा. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि आम्ही तिथल्या रस्त्यावर भल्या पहाटे, थेंबही न घेता, त्या मर्यादेच्या तिप्पट झिंगलेले होतो.

उजेड पडेपर्यंत थांबण्याचं दुसरं कारण म्हणजे वाघ. याच वडसा वनक्षेत्रात ऑक्टोबर २०२२ मध्ये सीटी-१ हा वाघ बेशुद्ध करून पकडला. तोवर गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांत तेरा माणसांचा बळी गेला होता. मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यातल्या लोकांसाठी वाघ हा पर्यटनाचा विषय नाही. मोह वेचायला किंवा तेंदूपानं तोडायला वाकलेल्या माणसांवर इकडे किती हल्ले झाले आहेत, ते कुठल्याही गावात विचारा. सायकलस्वाराला वाटतं, मी तर रस्त्यावर आहे. पण पंक्चर झालं की तोही रस्त्याच्या कडेला उकिडवा बसतो, मान खाली घालून, चाकाकडे तोंड करून. म्हणून जंगलपट्ट्यात पंक्चर काढायचं नाही. सायकल गाडीत टाका किंवा सगळ्यांनी मिळून पुढच्या गावापर्यंत हाताला धरून न्या. अगदीच नाइलाज झाला तर एकानं ट्यूब काढायची आणि बाकीच्यांनी चारी दिशांना पाहत, मोठ्यानं बोलत उभं राहायचं. लघवीला एकट्यानं झुडपाआड जायचं नाही. लाज गावात सांभाळा.

आता गाडीबद्दल, कारण माझ्या मते सगळ्या आखणीतलं खरं भोक तेच होतं. सायकलस्वार पेंगला तर तो स्वतः बांधीत जातो. त्याच्यामागून येणाऱ्या गाडीचा चालक पेंगला तर दहा जणांना घेऊन जातो. आमचा चालकही रात्रभर मंडपात होता. त्याला नको कसं म्हणायचं? नाटक त्याच्या मुलखातलं होतं, नट त्याच्या ओळखीचे होते. आमच्या झोपेची काळजी निदान मामांनी तरी केली, त्याच्या झोपेची कुणीच केली नाही. नागभीड सोडल्यावर तळोधीच्या अलीकडे त्यानं गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, “भाऊ, डोये लागून रायले माझे. मी पडतो थोडा.” ढाब्यावरच्या बाजेवर तो जो पडला तो ऊन वर आल्यावर उठला. आमच्यातले दोघे घड्याळ दाखवत कुरकुरत होते. मला विचाराल तर त्या दोन दिवसांत शहाणपणाचा निर्णय एकच झाला, आणि तो त्यानं घेतला. चित्रपट उशिरा सुरू झाला. देणगीदारांनी चहा घेतला. कुणीही देणगी परत मागितली नाही.

चित्रपटात काय झालं ते मला सांगता येणार नाही. मध्यंतरापर्यंत माझ्या रांगेतली सगळी मंडळी घोरत होती, आणि डॉ. प्रकाश आमट्यांच्या हेमलकशातल्या कामावरच्या चित्रपटाला पैसे देऊन आलेल्या माणसांसमोर ते दृश्य काही बरं नव्हतं.

ज्यांच्या कुटुंबावर तो चित्रपट आहे त्या बाबा आमट्यांची भारत जोडो यात्रा नंतर सहज वाचत होतो. १९८५-८६ ची कन्याकुमारी ते काश्मीर ही सायकलयात्रा ५,०४२ किलोमीटरची होती आणि शंभराहून जास्त दिवस चालली. सायकलीवर तरुण होते. बाबांनी सत्तरी ओलांडली होती आणि पाठीच्या कण्यानं बसू दिलं नाही म्हणून ते गाडीत झोपून सोबत गेले. भागाकार करून पाहिला तर दिवसाला पन्नास किलोमीटरही भरत नाहीत. मधे सभा, गावकऱ्यांच्या भेटी आणि मुक्काम. वरोऱ्यातल्या आनंदवनाच्या माणसांना जास्त अंतर जमलं नसतं असं नाही. त्यांना दुसऱ्या दिवशीही निघायचं होतं. आपल्या फेऱ्यांची पत्रकं मात्र किलोमीटरच्या आकड्यानं सुरू होतात, जणू देणगीदार अंतराचे पैसे देतो. तो कामाचे पैसे देतो. ऐंशीऐवजी पंचेचाळीस किलोमीटर मारून मूललाच थांबलात तरी एकही सायकल कमी येत नाही.

चित्रपटात पुन्हा घोरायची वेळ येऊ नये म्हणून आता आम्ही तो फेरीच्या आधीच्या शुक्रवारी ठेवतो. लोक पाहून भारावतात आणि तिथेच पावती फाडतात. दाखवण्याआधी निर्मात्यांची लेखी परवानगी घ्या. कुणाच्या मोबाइलमधल्या ओटीटी खात्यावरून हॉलमध्ये चित्रपट दाखवणं कायद्यात बसत नाही. पैसे नोंदणीकृत संस्थेच्या पावतीपुस्तकावरच घ्या, आणि देणगीदाराला ८०-जीची सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोख घेऊ नका.

शनिवारी नाटकाला जाणाऱ्यानं रविवारी सायकल चालवायची नाही. हे निघण्याआधीच नावानिशी लिहून घेतो, कारण पहाटे पाचला प्रत्येकजण “मी ठीक आहे” असंच म्हणतो. नाटकवाले गावातच दुपारपर्यंत झोपतात, मग वडश्याहून रेल्वेनं चांदा फोर्टला येतात. त्यांच्या सायकली गाडीतून येतात. मंडपात जाताना सुती नव्हे तर लोकरी कपडे, कोरडे मोजे, घोंगडी आणि डासांचं मलम न्या. मलेरिया या जिल्ह्याचा जुना सोबती आहे आणि थंडीतही त्याला विसरू नका. पुढच्या खुर्च्या नम्रपणे नाकारून मागे बोऱ्यावर बसा. तिथे झोपलं तरी चालतं आणि नाटकही जास्त छान दिसतं.

चालकाला नाटक पाहायचं असेल तर गाडीची किल्ली संध्याकाळीच दुसऱ्याच्या हातात द्या. मात्र तो दुसरा माणूस रात्री खरंच घरी झोपला आहे ना, हे दहाच्या सुमारास जाऊन बघा. आमचा एकदा विंगेत उभा राहून गाणाऱ्याला दाद देताना सापडला होता.