मेंढ्या वळणारा कुत्रा : एक परिसरपाठ

वेल्समधील बाला या गावी १८७३ साली मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा भरली. ब्रिटनमध्ये आज ठिकठिकाणच्या मंडळांतून हौशी माणसेही आपल्या कुत्र्यास ही विद्या शिकवितात. नवशिक्याने प्रथम जाणत्याचे काम पाहावे. कुत्रा हाकेसरशी थांबू लागल्यावरच त्यास मेंढ्यांपाशी न्यावे. ‘कम बाय’ म्हणताच तो घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कळपास वळसा घालतो. ‘अवे’ म्हणताच उलट. पाठलागाची उपजत ओढ मारावयाची नसते. तिला वळण लावावयाचे असते.

आपल्याकडे धनगराचा कुत्रा मुख्यत्वे राखण करतो. हा फरक शिक्षकांनी स्वतः न सांगता वर्गातील धनगराच्या मुलास विचारावा. कळपामागे फिरताना ज्याची शाळा बुडते, तो त्या तासास वर्गाला शिकवील. शाळा आपलीही आहे, असे त्यास वाटेल.