सेक्टर पाचमधील मुलाखत : वाढत्या उद्योगातील निवड आणि नवपदवीधर

माहिती तंत्रज्ञान उद्योगाची चर्चा बहुधा बंगळूर, हैदराबाद आणि पुणे या शहरांभोवती होते. पूर्व भारतात या उद्योगाचे प्रमुख केंद्र कोलकाता हे आहे. शहराच्या पूर्वेकडील दलदलीत हुगळीचा गाळ भरून जमीन तयार करण्याचे काम १९६२ मध्ये सुरू झाले व त्यातून सॉल्ट लेक अर्थात विधाननगर उभे राहिले. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘वेबेल’ या राज्य सरकारच्या महामंडळाने तेथील सेक्टर पाचमध्ये इलेक्ट्रॉनिक्स संकुलाच्या उभारणीस चालना दिली. पुढे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, विप्रो, कॉग्निझंट आदी कंपन्या येथे आल्या. २००६ मध्ये या वसाहतीसाठी नवदिगंत औद्योगिक नगरी प्राधिकरण स्थापन झाले आणि २०२० मध्ये मेट्रो रेल्वे येथवर पोहोचली. बांकुडा, पुरुलिया किंवा मालदा जिल्ह्यातील पदवीधराला राज्य न सोडता या उद्योगात नोकरी मिळण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली.

निवडीची पद्धत

वेगाने वाढणाऱ्या कंपनीला एकाच वेळी शेकडो कर्मचारी हवे असतात. त्यामुळे प्रथम लेखी वा संगणकीय चाचणीने उमेदवारांची चाळणी होते. त्यानंतर तांत्रिक मुलाखत व शेवटी मनुष्यबळ विभागाची मुलाखत घेतली जाते. नवपदवीधराकडून परिपूर्ण ज्ञानाची अपेक्षा नसते. भरतीनंतर प्रशिक्षण द्यावेच लागते. तर्कशुद्ध विचार करण्याची, नवे शिकण्याची व आपले म्हणणे स्पष्टपणे मांडण्याची क्षमता प्रामुख्याने पाहिली जाते. अंतिम वर्षाच्या प्रकल्पात आपण नेमके कोणते काम केले, हे ज्याला सांगता येते, त्याची बाजू भक्कम होते. मातृभाषेतून शिकलेल्या विद्यार्थ्याची अडचण बरेचदा विषयाची नसून इंग्रजी संभाषणाची असते. महाविद्यालयांनी सराव मुलाखती घेतल्यास ती दूर होऊ शकते. लातूर वा जळगावहून पुण्याच्या हिंजवडीत येणाऱ्या तरुणांनाही हे तितकेच लागू आहे.

उमेदवाराचे प्रश्न

मुलाखत ही दुतर्फी प्रक्रिया आहे. या कंपन्या अपेक्षित कंत्राटांच्या आधारे आगाऊ भरती करतात. कंत्राटे लांबली की रुजू होण्याच्या तारखाही लांबतात. २००८ च्या जागतिक मंदीनंतर देशभरातील अनेक नवपदवीधरांनी हा अनुभव घेतला. घरातील पहिल्या मिळवत्या व्यक्तीला, विशेषतः शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू होत असताना, हा विलंब परवडत नाही. म्हणूनच रुजू होण्याची तारीख, प्रशिक्षणकाळातील वेतन, कामाचे ठिकाण, रात्रपाळी आणि राजीनाम्यापूर्वीची सूचनेची मुदत यांविषयी उमेदवाराने स्पष्ट विचारणा करावी. केवळ निवडपत्र हाती आले म्हणून दुसरी संधी घाईने सोडू नये.

किमान सेवेचा करारही काळजीपूर्वक वाचावा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेची व मुदतपूर्व राजीनाम्यासाठी दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. असा करार निव्वळ औपचारिकता समजून त्यावर स्वाक्षरी करणे हिताचे नाही.

कायद्याचे संरक्षण

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत आणि नोकरी सोडल्यास देय वेतन दोन कार्यदिवसांत मिळाले पाहिजे. महिलांना रात्रपाळीत काम देण्यासाठी त्यांची संमती व सुरक्षेची व्यवस्था आवश्यक आहे.

उद्योगाच्या वाढीचा लाभ तरुणांपर्यंत पोहोचावयाचा असेल, तर त्यांना निवडीची तयारी आणि हक्कांची जाण या दोहोंची गरज आहे. महाविद्यालयांतील रोजगार कक्षांनी मुलाखतीच्या सरावाबरोबरच नियुक्तिपत्राचे वाचनही शिकवणे, हे त्या दिशेने अल्प खर्चाचे पाऊल ठरेल.