क्षयाचे भाऊबंद

क्षयाचा जंतू आपण ओळखतो. रॉबर्ट कॉख यांनी तो १८८२ साली शोधला. त्याचे भाऊबंद पुष्कळ आहेत. ते मातीत नि पाण्यात राहतात. धडधाकट माणसाला ते सहसा बाधत नाहीत. पण एड्‌ससारख्या दुखण्याने अंगातली ताकद खचली, की ते डोके वर काढतात. खोकला येतो, ताप येतो, माणूस वाळत जातो.

सूक्ष्मदर्शक यंत्रातून बेडका पाहिला, तर दोन्ही जंतू सारखेच दिसतात. ओळख पटवायला वेगळी तपासणी लागते. औषधेही वेगळी. ती बहुधा वर्षाहून अधिक काळ घ्यावी लागतात.

आमचे सांगणे एवढेच. क्षयाच्या औषधाने गुण येत नसेल, तरी ते आपल्या मनाने सोडू नका. डॉक्टरांना विचारा, पुन्हा तपासणी करा. हे भाऊबंदच निघाले, तर रोग्याला दूर लोटू नका. ते सहसा माणसाकडून माणसाला लागत नाहीत.