अंधांसाठी संगणकाच्या स्मृतीची परीक्षा

चालता संगणक वारंवार अकस्मात बंद पडू लागला, तर त्याच्या स्मृतीत दोष असल्याची शंका घ्यावी लागते. स्मृती म्हणजे सूक्ष्म घरांची मांडणी. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. आठ गिगाबाइटच्या स्मृतीत अशी ६,८७१ कोटींहून अधिक घरे असतात. परीक्षक प्रोग्रॅम प्रत्येक घरात ठरावीक अंक लिहून परत वाचतो, मग उलट अंक लिहून पुन्हा वाचतो. दोन्ही जुळले नाहीत, की दोष सापडला.

अंध मनुष्याला पडद्यावरील मजकूर 'एनव्हीडीए'सारखा प्रोग्रॅम वाचून दाखवितो. परंतु हा वाचक त्याच स्मृतीत राहतो! परीक्षेसाठी घरे शक्य तितकी रिकामी हवीत, म्हणून 'मेमटेस्ट८६'सारखी परीक्षा विंडोज सुरू होण्यापूर्वीच होते. तेव्हा वाचक जागाच नसतो. मग निकाल कळण्यासाठी कोणा डोळसाला हाक मारणे आले. आपल्याच यंत्राचा दोष दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागणे आम्हांस योग्य वाटत नाही.

विंडोजमधील 'मेमरी डायग्नोस्टिक' येथे उपयोगी पडते. ते चालू करताच संगणक पुन्हा सुरू होऊन मुकाट्याने परीक्षा देतो. या मौनात धीर सोडून एस्केपची कळ दाबू नये, नाहीतर परीक्षा अर्धवट राहते. संगणक विंडोजकडे परतला, की निकाल 'इव्हेंट व्ह्यूअर'च्या 'सिस्टिम' नोंदींत सापडतो आणि वाचक तो बोलून दाखवितो.

विंडोजच सुरू होत नसेल, तर 'मेमटेस्ट८६+'चा मजकूर सिरियल तारेने दुसऱ्या, बोलत्या संगणकाकडे पाठविता येतो. मात्र नव्या यंत्रांना ती जोडणी बहुधा नसते.