पळीची बाहुली आणि धोंडीचं मुसळ

भाची : मामा, ट्युनिशियात पाऊस लांबला की लाकडी पळीला फडकी गुंडाळून बाहुली करतात. पोरं ती दारोदार नेतात, बायका तिच्यावर पाणी ओततात. ही तर आपली धोंडीच! इकडची तिकडे गेली, की तिकडची इकडे आली?

मामा : कुठूनच कुठे जायला नको. त्या बाहुलीला तिकडे ‘उम्मेक तंगू’ म्हणतात आणि तिची नाळ अरबांच्याही आधीच्या बर्बर लोकांशी जोडतात. आपल्याकडे मुसळाला कडुनिंबाचा पाला बांधायचा, त्यात बेडूक अडकवायचा, दोघांनी ते खांद्यावर घ्यायचं. घरोघरच्या बाया त्यावर पाणी ओततात, मूठभर धान्य देतात. सारखी आहे ती दोन्हीकडची अडचण. अकोला-अमरावतीत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलाय. माती काळी कसदार, पण जमिनीतलं पाणी खारट. ते पिकाला देत राहिलं तर रानच चोपण होतं. पायाखाली पाणी असून शेतकऱ्यानं पाहायचं आभाळाकडेच. मध्य ट्युनिशियातलं जव-गव्हाचं पीकही बरंचसं असंच पावसाच्या भरवशावर. आणि दोघांनी हाती काय घेतलं बघ : एकानं धान्य शिजवायची पळी, दुसऱ्यानं धान्य कांडायचं मुसळ. पाऊस नाही तर या दोन्हींना काम नाही, हे आभाळाला याहून उघड कसं सांगणार?

भाची : पण बेडकावर पाणी ओतून पाऊस पडतो थोडाच? गाडगेबाबांच्या जिल्ह्यात तरी ही अंधश्रद्धा काऊन जपायची?

मामा : नाहीच पडत. बेडकाचे हाल तर बंदच व्हावेत. तिकडे बाहुलीवर भागतंच ना! पण तेवढ्यावरून अख्खी चाल मोडीत काढली, तर तिचं दुसरं काम नजरेआड होतं. जमलेलं धान्य एकत्र शिजतं, पंगत बसते. टंचाईच्या दिवसांत ज्याच्या कोठीत दाणा नाही, त्यालाही हात न पसरता पानावर बसता येतं. माझ्या लेखी धोंडीचं मोल ओतलेल्या पाण्यात कमी, या पंगतीत जास्त.

भाची : मग आता रेशन आहे, धरणं आहेत. चाल उरेल कशाला?

मामा : काही चाली विरतात, काही रूप पालटतात. अकोल्याची कावड घे. 1944 च्या अवर्षणात काही तरुणांनी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी आणून राजराजेश्वराला घातलं, अशी तिची सुरुवात सांगतात. आज शेवटच्या श्रावण सोमवारी भरण्यांनी लगडलेल्या कावडी, पालख्या, ढोल यांनी रस्ता भरतो. त्यात पाऊस मागायचं कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. तिकडची टिकलेली कला बघ : ट्युनिशियात सेजनान भागातल्या बायका हातानं मडकी, बाहुल्या घडवून विकतात. 2018 मध्ये युनेस्कोनं त्यांच्या कलेला वारसायादीत घेतलं. त्या कलेला गिऱ्हाईक आहे, कावडीला मंडळं आहेत. धोंडीपाशी यातलं काहीच नाही. मृग कोरडा गेला तरच तिची आठवण होते, आणि खारपाणपट्ट्यात तो अजूनही कोरडा जातो.