फोटो आपलाच, पण पुरावा?

मुधोळ म्हटलं की महाराष्ट्रातल्या वाचकाला घोरपड्यांचं संस्थान आठवतं आणि पाठोपाठ ते सडपातळ शिकारी कुत्रं. ते मुधोळ कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. आमचं मुधोळ तेलंगणात, गोदाकाठच्या बासरजवळचं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा तालुका नांदेड जिल्ह्यात होता. मग मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं आंध्र प्रदेशात गेली आणि धर्माबाद नांदेडबरोबर पुढं महाराष्ट्रात आलं. ऑक्टोबर २०१६ पासून कागदोपत्री आमचा जिल्हा निर्मल, बोलण्यात मात्र अजून आदिलाबादच. तर इंटरनेटवर आमच्या गावाचा फोटो शोधायला बसलं की कुत्रं आधी भेटतं. गावाच्या पानावर गावाचा फोटो हवा, एवढ्या साध्या हट्टातून मी विकिपीडियाच्या कामात ओढला गेलो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, तेलुगू त्याच वर्षीच्या डिसेंबरात. लेख दोन्हीकडं वेगवेगळे लिहावे लागतात, पण फोटो एकदाच चढवला की पुरतो. विकिमीडिया कॉमन्स नावाचा एक सामायिक साठा २००४ पासून आहे. तिथला फोटो मराठी, तेलुगू, उर्दू, हिंदी, कुठल्याही भाषेच्या लेखात वापरता येतो. आमच्यासारख्या सीमेवरच्या गावाला याचं मोल जास्त, कारण इथं एकाच गल्लीत तीन भाषांचे वाचक राहतात. आणि खरं सांगायचं तर लेख लिहिण्यापेक्षा फोटो चढवायला माणसं जास्त उत्साहानं पुढं येतात. अडचण तिथूनच सुरू होते.

बासरच्या घाटावर मी एकदा पहाटेचे फोटो काढले. ते गावातल्या एका ग्रुपवर गेले आणि तिथून कुणीतरी उचलून एका बातम्यांच्या पोर्टलला दिले. त्यांनी नाव न घेता छापले. या भागात याचं कुणाला काही वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. पुढं मी तेच फोटो कॉमन्सवर चढवले तेव्हा त्यांच्यावर ‘वगळण्याचा प्रस्ताव’ लागला. कारण सरळ होतं: हे फोटो आधीच दुसरीकडं प्रसिद्ध झालेले आहेत, मग चढवणाराच त्यांचा छायाचित्रकार आहे कशावरून?

पहिली प्रतिक्रिया संतापाची असते. मी इथला, घाट इथला, फोटो मी काढलेले, आणि प्रश्न विचारणारा कुठल्या खंडातला कोण जाणे. आमच्या ओळखीतल्या एका मुलानं याच टप्प्यावर चर्चेत भांडण केलं, ‘तुम्हाला आमच्या गावाचं काय माहीत’ वगैरे लिहिलं आणि खातंच सोडून दिलं. त्याचे फोटो खरे होते, तरी गेले. ‘मी इथलाच आहे’ हा पुरावा नसतो. गावात सगळे आपल्याला ओळखतात, कॉमन्सवर कुणीच ओळखत नाही. तिथं फक्त फाइल बोलते.

मग फाइलनंच बोलावं लागतं. मेमरी कार्डावरची मूळ फाइल मोठी असते आणि तिच्या पोटात कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख, वेळ, शटरचा वेग अशी नोंद असते. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीतून ही नोंद पुसली जाते आणि फोटो आकसतो. मी मूळ फाइली चढवल्या, त्याच पहाटेचे मागचेपुढचे फोटो दाखवले. पोर्टलवरच्या फोटोत डावीकडची नाव निम्मी कापलेली होती, माझ्या मूळ फोटोत ती पूर्ण होती. कापलेल्या फोटोतून पूर्ण फोटो कुणाला तयार करता येत नाही, त्यामुळं वाद तिथं मिटला. एका फोटोची मूळ फाइल मात्र फोन बदलताना गेली होती, माझ्याकडं ग्रुपवरचीच प्रत उरली होती. तो वगळला गेला आणि अजून वगळलेलाच आहे.

पुराव्याशिवाय फोटो नाही, हा नियम कडक आहे आणि मला तो पटतो. कॉमन्सवरचे फोटो पाठ्यपुस्तकं घेतात, वृत्तपत्रं घेतात, कॅलेंडर छापणारे घेतात. उद्या खरा मालक उभा राहिला तर अडचणीत येणार तो छापणारा, ज्यानं आपल्या ‘स्वतःचं काम’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवला.

म्हणून नवीन येणाऱ्यांना मी क्रम सांगतो: आधी कॉमन्स, मग ग्रुप. फोटो काढला की मूळ फाइल चढवा, त्यानंतर जगभर वाटा. मित्राकडून फोटो मागवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे नोंद टिकते. आणि चढवायचा तो त्यानंच, त्याच्या खात्यावरून. शटर ज्यानं दाबलं त्याचं काम, फोन कुणाचाही असो. तुमच्या फोनवर दुसऱ्यानं काढलेला तुमचाच फोटो ‘स्वतःचं काम’ होत नाही, हे ऐकून निम्मी माणसं चक्रावतात.

प्रस्ताव लागलाच तर चर्चा साधारण सात दिवस उघडी असते. उघड चोरी वाटली तर त्याआधीच फाइल जाते. त्या दिवसांत उत्तर द्या. इंग्रजी येत नसेल तर मराठीत लिहा, कॉमन्स बहुभाषी आहे आणि कुणीतरी वाचून समजून घेतं. मराठी विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या चर्चेच्या पानावर, आधी विचारलंत तर अनुभवी सदस्य मसुदाही पाहून देतात. मुद्द्याचं लिहा: कुणी काढला, कधी, मूळ कुठं आहे. विचारणाराही आपल्यासारखाच बिनपगारी स्वयंसेवक असतो, त्याची जात, गाव, पक्ष काढून काही हाती लागत नाही. आणि फाइल वगळली म्हणजे कायमची नष्ट झाली असं नाही. पुरावा मिळाला की परत आणण्याची विनंती करता येते, प्रचालक (ॲडमिन) ती परत आणू शकतात.

जुन्या फोटोंचं प्रकरण मात्र खरंच किचकट आहे. भैंसा, धर्माबाद, नांदेडच्या स्टुडिओंत काढलेले फोटो घरोघरी आहेत: निजामाच्या काळातल्या शाळा, पुढारी, बाजार. लोक समजतात, फोटो आपल्या पेटीत आहे म्हणजे हक्कही आपला. तसं नसतं. कागद तुमचा, प्रताधिकार वेगळा. भारतीय कायद्यात यात एक सोय आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा. म्हणजे आजोबांनी स्टुडिओत जाऊन काढवलेल्या फोटोवर त्यांच्या वारसांचा दावा बनू शकतो. पण दावा म्हणून सांगावा लागतो, ‘मीच काढला’ असं लिहून चालत नाही. छायाचित्रकारानं आपणहून काढलेला मोर्च्याचा फोटो या सोयीत येत नाही.

आणि ‘साठ वर्षं झाली की फोटो मोकळा’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की ते खरंच वाटायला लागतं. पूर्वी फोटोची मुदत प्रसिद्धीपासून मोजत. २०१२ च्या दुरुस्तीनं ते कलमच काढून टाकलं, आता छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं. त्याआधीच मुदत संपलेले फोटो वेगळे. शिवाय कॉमन्सवर फोटो अमेरिकेतही मुक्त असावा लागतो. तारीख, स्टुडिओचं नाव, मागचा शिक्का, जे सापडेल ते नोंदवा आणि शंका असेल तर चढवण्याआधी विचारा.

आजच्या वस्तूंचे फोटो तुलनेनं सोपे. देवळाची इमारत, चौकातला कायमचा पुतळा यांचा फोटो काढायला आपल्या कायद्यात मुभा आहे. भिंतीवरच्या रंगवलेल्या चित्राला ती नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सला तर नाहीच: त्यावर डिझायनरचं काम, आत चार पुढाऱ्यांचे कुणीतरी काढलेले फोटो. चौकाचा फोटो घेताना फ्लेक्स चुकवणं आमच्याकडं अशक्यच, तो कोपऱ्यात आला तर हरकत नाही, फोटोचा विषय तोच नसावा. देवळात कॅमेऱ्याला मनाई असेल तर ती वेगळी गोष्ट, ती पाळायची. बासरला अक्षराभ्यासासाठी, म्हणजे पहिलं अक्षर गिरवायला, आणलेल्या लेकरांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय घेऊ नका, घेतलेत तरी चढवू नका.

कुणाकडून परवानगी मागाल तर ‘विकिपीडियासाठी वापरा’ एवढं लिहून आणू नका. ‘शैक्षणिक कामासाठी’, ‘विनामूल्य वापरासाठी’ हेही चालत नाही. छायाचित्रकारानं स्वतःच्या ईमेलवरून, परवान्याचं नाव घेऊन कळवावं लागतं, आणि ते पत्र स्वयंसेवकांची एक टोळी वाचून नोंदवते. समोरच्याला स्पष्ट सांगा की कॉमन्सवर चालणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना व्यापारी वापराचीही मुभा देतो. त्याचा फोटो उद्या बिस्किटाच्या पुड्यावर दिसला तर मागता येईल ते नाव आणि परवान्याचा उल्लेख, पैसे नाहीत. परवाना मागंही घेता येत नाही. चढवल्यापासून सात दिवसांच्या आत, फोटो कुठं वापरलेला नसेल तर, वगळण्याची विनंती सहज मानली जाते, त्यानंतर मर्जीवर. हे ऐकून भैंशाच्या एका स्टुडिओवाल्या काकांनी मला सरळ सांगितलं, ‘लग्नाचे देत नाही बाबा, गावाचे घेऊन जा.’ मला हे उत्तर फार आवडलं. समजून दिलेले थोडे फोटो पुरेसे असतात.

आपल्या भागातले जुने स्टुडिओवाले आता वयस्कर झाले आहेत, निगेटिव्हचे डबे माळ्यावर आहेत. मुधोळ, भैंसा, कुबेर, तानूर, धर्माबाद इथं कुणाच्या ओळखीत असे काका असतील तर येत्या सुट्टीत त्यांच्याकडं जा, कोणते फोटो द्यायचे ते त्यांनाच ठरवू द्या आणि त्यांच्याच ईमेलवरून परवान्याचं पत्र पाठवायला त्यांच्या शेजारी बसा.